खाणवाल्याची लेक

हट्ट्याच्या आमच्या घरात गोवा पहिल्यांदा आला तो मनिऑर्डरीतून. आत्याचे यजमान, आमचे मामा, प्राथमिक शिक्षक. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले, मग तिथं गावोगाव सरकारी मराठी शाळा निघू लागल्या. मास्तर कमी पडले आणि महाराष्ट्रातून माणसं मागवावी लागली. जास्त करून कोकण-कोल्हापूरकडची गेली. आमचे मामा परभणी जिल्ह्यातून कसे गेले याच्या घरात दोन कथा होत्या. (हिंगोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो १९९९ चा.) आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं म्हणणं असं की जावयाची आडगावी बदली झाली आणि त्यानं रागानं अर्ज टाकला. आत्या म्हणायची, त्यांना समुद्र बघायचा होता. हट्ट्याच्या माणसाला पाणी म्हणजे गावातली बारव. पायऱ्या उतरून जावं तेव्हा कुठं दिसणार. मला विचाराल तर खरं कारण पगार असावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मंडळी यायची. कुळ्याला गाडीत बसायचं, घाट चढून लोंढा, मिरज, पुणे, मनमाड आणि मग पूर्णा, अशी गाड्या बदलत. सोबत आमसुलं, काजू आणि लाल पडलेले कपडे. आत्याचं बिऱ्हाड डिचोली तालुक्यात, खाणींच्या पट्ट्यात होतं. मालाचे ट्रक दिवसभर घरावरून जायचे. पांढरं धोतर तिकडं पांढरं राहत नाही, हे ती आल्या आल्या सांगायची आणि मामांच्या धोतराचा पुरावा दाखवायची. रात्री अंगणात बाजा टाकल्या की गोष्टी सुरू. त्यांत ‘भाऊ’ आणि ‘ताई’ ही दोन माणसं इतक्यांदा यायची, की माझी धाकटी बहीण भाऊ म्हणजे आत्याचे कुणी चुलतदीर समजायची. भाऊ म्हणजे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर. ताई म्हणजे त्यांची थोरली लेक शशिकला काकोडकर, दुसऱ्या मुख्यमंत्री.

आबांना या ताईंचं कौतुक नव्हतं. जहागिरीच्या गावपांढरीत आयुष्य गेलेला माणूस. “जहागीरदाराच्या पोटी जहागीरदार अन् खाणवाल्याच्या पोटी मुख्यमंत्री. ह्यात नवल ते काय, बाई?” आबा म्हणायचे. आत्याकडं याचं उत्तर होतं, पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. पुढची वीसेक वर्षं दर उन्हाळ्यात ते उत्तर ती थोडं थोडं देत राहिली. तिनं सांगितलेलं आणि मी मागाहून वाचलेलं, दोन्ही मिळून हे लिहितो आहे.

खाणवाले म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. दुसरं महायुद्ध संपल्यावर जपानच्या पोलादाच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या आणि त्यांना लोहखनिज हवं झालं. गोव्याच्या डोंगरांत ते उघड्यावर होतं. पोर्तुगीज सरकारनं खाणींच्या सवलती सढळ हातानं वाटल्या, आणि त्या जवळपास कायमच्या. माल ट्रकातून नदीकाठी, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीच्या पात्रानं मुरगाव बंदरात, आणि तिथून जहाजानं जपानला. एवढ्या वाटेवर दहा-पंधरा वर्षांत काही घराणी प्रचंड श्रीमंत झाली. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले ही नावं आजही गोव्यात कंपन्यांवर, कॉलेजांवर, फुटबॉलच्या संघांवर दिसतात. वर्तमानपत्रंसुद्धा यांचीच. मामा शाळेत रोज वाचायचे तो ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी १९६२ मध्ये काढला होता.

बांदोडकर या खाणवाल्यांतलेच, पण त्यांच्यात एक गोष्ट वेगळी होती. ते गोमंतक मराठा समाजातले. पिढ्यान्‌पिढ्या देवळांच्या सेवेला बांधलेला, गाणं-बजावणं जपलेला आणि त्याच गाण्याबजावण्यापायी हिणवला गेलेला हा समाज. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. मुंबईच्या मैफलीत ज्यांना मान, त्यांना गावच्या देवळात मात्र ठरल्या जागीच उभं राहायचं. आबांनी एकदा विचारलं, एवढा पैसेवाला माणूस गरिबांचा पुढारी कसा होतो? तेव्हा आत्या म्हणाली होती, “तिकडं पैश्यानं माणूस मोठा होत नाही, आबा. देवळात कुठवर जाता येतं, त्याच्यावरनं मोठा.” आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. हट्ट्यालाही हे गणित काही परकं नव्हतं.

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, लोकांच्या तोंडी मगो, १९६३ मध्ये निघाला. निशाणी सिंह. त्याच डिसेंबरात गोव्याची पहिली निवडणूक झाली. मुक्तीचं श्रेय मिरवत काँग्रेस उतरली आणि गोव्यात तिला एकही जागा मिळाली नाही. कुळं, मुंडकार, खाणीवरचे मजूर यांनी सिंहावर शिक्के मारले आणि खाणमालक मुख्यमंत्री झाला. पोर्तुगीज काळात ज्यांच्या घरी अक्षर पोचलं नव्हतं त्यांच्या वाड्यावाड्यांवर शाळा निघाल्या. त्यातल्याच एका शाळेत मामा.

शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ चा. पणजीत मुष्टिफंड शाळा, पीपल्स हायस्कूल, पुढं धारवाड आणि मुंबई. एम.ए. झालेली मुलगी. १९६३ मध्ये गुरुदत्त काकोडकरांशी लग्न झालं, म्हणजे बाप मुख्यमंत्री झाला त्याच वर्षी लेक सासरी गेली. पैसा होता, नाव होतं. घरात राहून दानधर्मावर देखरेख केली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. त्या राजकारणात उतरल्या आणि १९७२ च्या निवडणुकीनंतर वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाल्या.

त्याआधीचं एक वर्ष मात्र असं झपकन ओलांडून चालत नाही. ते १९६७.

मगोचा जन्मच गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी झाला होता. हट्ट्यात ही गोष्ट लोकांना उमजायला वेळ लागला नाही. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून सुटून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. आबांच्या पिढीला वाटायचं, जसे आपण आलो तसा गोवाही येणार. उशीर फक्त पोर्तुगीजांमुळं झाला. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. मामांचं पत्र आलं ते आबांनी दोनदा वाचून घेतलं. स्वतः वाचता येत होतं, पण मराठी हळू यायचं, कारण त्यांची शाळा उर्दूतून झालेली.

इथून पुढं आत्याच्या गोष्टींना एक वेगळी धार आली. कौलानंतर महाराष्ट्रातून आलेल्या मास्तरांकडं काही लोक संशयानं पाहू लागले होते. भांडण कुणी केलं नाही, पण ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हा शब्द कानावर पडायचा. शेजारच्या घरात सगळं बोलणं कोकणीत. आरती मराठी, पोथी मराठी, मुंबईच्या नातलगाला लिहायचं पत्रही मराठी. पोर शाळेत ‘मी जेवलो’ असं वाचायचं आणि घरी आईला ‘हांव जेवलों’ सांगायचं. मामांना हे आधी गमतीचं वाटलं. मग एका सुट्टीत त्यांनी ते आबांना सांगितलं आणि आबा चमकले.

“म्हंजे आमचंच झालं की,” आबा म्हणाले. “घरी माय मराठी बोलायची अन् शाळेत मौलवीसाब अलिफ बे.”

मामांना ते झोंबलं. मराठी ही त्या पोरांवर लादलेली भाषा नाही, संत तिथं पोचलेत, देवळातलं कीर्तन मराठी आहे, निजामाच्या उर्दूशी तिची तुलना कशी करता? मामांचं चूक नव्हतं. गोव्यातल्या बहुजनांनी मराठी आपणहून धरली होती. पोर्तुगीजांच्या राज्यात तीच त्यांची अक्षरओळख होती. पण आबांचंही अगदीच खोटं नव्हतं. मराठवाड्याच्या माणसाला मराठी शाळा म्हणजे सुटका. तीच शाळा दुसऱ्याला घराबाहेरची वाटू शकते, हे आबांना एका क्षणात कळलं. आम्हा शिकलेल्यांना त्याला बरीच वर्षं लागली. ताईंना ते कधी कळलं का, या प्रश्नाशी मी पुन्हा येणार आहे.

१९७३ चा ऑगस्ट. आमच्याकडं बहात्तरचा दुष्काळ नुकता सरत होता. गाव दुष्काळी कामावर खडी फोडून, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दमलेलं. पाऊस झाला होता, पेरण्या झाल्या होत्या. पुणे केंद्राच्या सकाळच्या बातम्यांत समजलं की बांदोडकर गेले. तारीख १२ ऑगस्ट. लगोलग दुसरी बातमी आली, त्यांची मुलगी मुख्यमंत्री. वय ३८. त्याआधी देशात अशा दोघीच झालेल्या: उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी. महाराष्ट्राला ही पाळी आजवर आलेली नाही, हे जाता जाता.

चौकात लोक म्हणाले ते आबांचंच बोलणं. बापाची गादी. ही टीका गोव्यातही झाली, आणि ती खरी होती. पक्षात वयानं, अनुभवानं मोठी माणसं होती. भाऊंचं नाव नसतं तर ती खुर्ची त्या दिवशी ताईंकडं आली नसती. मी यावर पांघरूण घालणार नाही. पण आपल्या राज्यात गाद्या चालवणाऱ्यांचं काय झालं ते आपण पाहतोच. बहुतेक जण गादीवर बसून राहतात. ताईंनी तीनेक वर्षांत दोन कायदे केले आणि तेव्हा आमच्या घरातला वाद फिरला.

पहिला मुंडकारांचा, १९७५ चा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, तिकडच्या जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणारं कुटुंब. घर त्याचं, जमीन भाटकाराची. माड राखायचे, बोलावलं की कामाला जायचं, लग्नकार्यात राबायचं आणि छपराची माती ढळली तर दुरुस्तीलाही विचारायचं. भाटकाराचं बिनसलं की घर मोडून चालतं व्हायचं. या कायद्यानं त्यांना घरातून काढण्याला बंदी झाली आणि घर व भोवतीची थोडी जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. दुसरा त्याहून मोठा. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ मध्ये पाचवी दुरुस्ती झाली. भाऊंच्या कायद्यानं कुळाला संरक्षण दिलं होतं, खंडावर मर्यादा घातली होती. लेकीच्या दुरुस्तीनं कुळाला मालक मानलं. किंमत द्यायची होती, पण टप्प्याटप्प्यानं.

मामांच्या शाळेत त्या वर्षी सुट्टीनंतर कुळांची रांग लागायची. अर्ज भरायचे, सर्व्हे नंबर काढायचे, अंगठे घ्यायचे. ते सगळं पत्रातून आलं आणि आबांनी उलट टपाली प्रश्न धाडले. किंमत कोण ठरवणार? कब्जा कुणाकडं? हप्ता चुकला तर काय? मालकानं कुळाचं नावच नाकारलं तर साक्षीला कोण? आबा स्वतः कूळ. हैदराबादच्या १९५० च्या कूळ कायद्यात त्यांचं नाव संरक्षित कूळ म्हणून लागलं होतं आणि ते टिकवायला त्यांनी वसमतच्या तहसिलीत किती चपला झिजवल्या ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. कायदा झाला म्हणजे जमीन झाली असं नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. गोव्यातही तेच झालं. मालक कोर्टात गेले, देवस्थानं अडून बसली, गावकरीच्या म्हणजे कोमुनिदादच्या जमिनींचा घोळ वेगळा. अनेक मामले वर्षानुवर्षं रेंगाळले. तरी घाव बसला तो बसलाच. भाटकार पुन्हा पूर्वीचा झाला नाही.

त्या उन्हाळ्यात आत्या जिंकल्यासारखी आली. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अन् खाणी?”

आत्याला प्रश्नाचा अर्थ लागला नाही.

“शेतवाल्याची जमीन काढली, चांगलं केलं. खाणवाल्याचं काय काढलं?”

काही काढलं नव्हतं. न्यायानं बोलायचं तर खनिज हा दिल्लीच्या हातातला विषय, आणि पोर्तुगीजांनी दिलेल्या त्या कायमच्या सवलती संपवून त्यांचे साधे पट्टे करायला संसदेला १९८७ उजाडलं. पणजीत बसून एका छोट्या केंद्रशासित प्रदेशाची मुख्यमंत्री फार काही करू शकली नसती. पण तिनं करावंसं वाटून घेतलं, अशीही काही खूण दिसत नाही. शेतीचा मालक बदलला आणि डोंगराचा राहिला. पावसाळ्यात खाणीवरचा गाळ ओढ्यानं उतरून भाताच्या शेतात बसतो. ज्याला १९७६ मध्ये शेत मिळालं त्याच्याच शेतात तो बसतो. डिचोलीकडं ही तक्रार मी स्वतः म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून ऐकली आहे, आणि ती सांगणारे ताईंना दुवा देणारेच होते. दोन्ही एका दमात.

किनाऱ्यावरचं असंच. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारे कोळी विरुद्ध यांत्रिक ट्रॉलर हा झगडा त्याच काळात पेटला. ट्रॉलर पैसेवाल्यांचे, आणि सरकारचा हात त्यांच्या बाजूला. रापणकारांच्या आंदोलनात ताईंचं सरकार गरिबांच्या बाजूनं उभं राहिलेलं दिसत नाही. मगोचे मतदार डोंगराकडच्या तालुक्यांतले शेतकरी. किनाऱ्यावरचे बरेच कोळी ख्रिस्ती, युनायटेड गोवन्सकडं झुकलेले. हिशेब तिथं लागत असावा. आणि हेही खरं की ते दोन्ही कायदे झाले तेव्हा देशात आणीबाणी होती, विरोधाचा आवाज दबलेला होता. सोपं गेलं असेल.

१९७७ मध्ये देशभर जनता पक्षाची लाट आली, ती गोव्यात किनाऱ्यालाच फुटली. मगोला ३० पैकी १५ जागा मिळाल्या आणि ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, या खेपेला कुणाच्या मरणामुळं नव्हे. आत्यानं त्यांना पाहिलं ते त्याच प्रचारात, डिचोलीच्या सभेत, गर्दीतून लांबून. काय बोलल्या ते तिला आठवत नव्हतं. बाया किती आल्या होत्या ते मात्र तिनं नीट पाहून ठेवलं होतं. सभेला बायकांनी पुढं बसायचं असतं हे तिनं हट्ट्यात कधी पाहिलंच नव्हतं.

पंधरा ही मोठी वाईट संख्या. निम्मी. एक आमदार रुसला तरी खुर्ची डगमगते. विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मागितली आणि १९७८-७९ मध्ये पोरं रस्त्यावर उतरली. बसगाड्या तेव्हा सगळ्या खाजगी, त्यांचे मालक ऐकेनात आणि सरकार मधल्यामध्ये अडकलं. पण सरकार पडलं ते घरातूनच. एप्रिल १९७९ मध्ये दयानंद नार्वेकर, शंकर लाड आणि दिलखुश देसाई हे मगोचे तीन आमदार फुटले. ताई अल्पमतात आल्या आणि २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लागली. मामा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. त्या सुट्टीत आबांनी त्यांना चिडवलं नाही. “आपल्याच माणसानं पाडलं का?” एवढं विचारलं आणि पान लावायला घेतलं.

जानेवारी १९८० मध्ये मगोच्या हाती सात जागा राहिल्या. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले, तेही एकेकाळचे मगोचेच. पुढची काही वर्षं सांगण्याजोगी नाहीत. ताई काँग्रेसमध्ये गेल्या, बाहेर आल्या, वडिलांच्या नावाचा पक्ष काढला, तो चालला नाही, पुन्हा मगोत आल्या. एवढ्या येरझारा घातलेल्या माणसावर लोक पुन्हा मन भरून विश्वास टाकत नाहीत. आत्यासुद्धा त्या काळाबद्दल विचारलं की आमसुलांचं काही तरी काढायची.

मग भाषेचं पेटलं. साहित्य अकादमीनं कोकणीला १९७५ मध्येच स्वतंत्र साहित्यभाषा मानलं होतं, तेव्हा ताईच मुख्यमंत्री. १९८५ पासून कोकणीला राजभाषा करा म्हणून आंदोलन उठलं आणि समोर मराठीचं उभं राहिलं. मराठीच्या बाजूला ताई अगदी पुढं. १९८६ चा डिसेंबर वाईट गेला. रस्ते अडले, घरं जळली, माणसं मेली. मांडवीवरचा पूल त्याच वर्षी जुलैत कोसळला होता. उत्तर गोव्यातून पणजीला जायचं तर पुन्हा फेरीबोट. आत्या म्हणायची, त्या वर्षी सगळंच दोन तुकडे झालं. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा आला: कोकणी राजभाषा, आणि मराठीचा सर्व सरकारी कामांसाठी वापर. मेमध्ये गोवा वेगळं राज्य झालं. विलीनीकरणाचं दार आता भिंतीत गेलं.

आबा त्याच्या आधीच गेले होते. असते तर १९९० पाहून हसले असते.

१९९० मध्ये आघाडीचं सरकार आलं आणि ताई शिक्षणमंत्री झाल्या. त्यांनी ठरवलं, प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवं असेल तर माध्यम प्रादेशिक भाषेचं हवं. म्हणजे मराठी किंवा कोकणी. इंग्रजी शाळा खुशाल चालवा, पैसे स्वतःचे घाला. गोव्यात चर्चच्या शाळा शेकड्यांनी मुलं शिकवत आणि त्या इंग्रजी माध्यमाच्या. त्या मराठीकडं जाणार नव्हत्या हे उघड. त्या कोकणीकडं गेल्या, आणि तीही देवनागरीतल्या, जरी चर्चची कोकणी पिढ्यान्‌पिढ्या रोमी लिपीत होती. ज्या बाईनं कोकणीवादी मंडळींशी आयुष्यभर झुंज घेतली तिच्याच निर्णयानं कोकणीला वर्ग मिळाले, पाठ्यपुस्तकं मिळाली, मास्तर मिळाले. राजभाषा कायद्यानं कागद दिला होता, वाचणारी पोरं या निर्णयानं दिली.

मामा निवृत्तीला आलेले. त्यांना हा निर्णय पचायला जड गेला. “एवढं लढून शेवटी त्यांच्याच शाळा भरल्या,” ते म्हणाले. आत्या मात्र भांडली. शेजारच्या घरातली ती पोरं तिला आठवत होती, शाळेत एक आणि घरी दुसरं बोलणारी. माझं मत आत्याच्या बाजूचं. ताईंना आबांचा तो उर्दूचा प्रश्न कधी कुणी विचारला नसेल, पण उत्तर त्यांनी दिलं असं मला वाटतं. ठरवून की अडचणीतून, ते सांगता येणार नाही. वडिलांकडून आलेलं भांडण मराठी विरुद्ध कोकणी असं होतं. त्यांनी ते बदलून पोराची भाषा विरुद्ध परकी भाषा असं करून टाकलं. खाणवाल्याच्या लेकीनं स्वतः कमावलेलं काही शोधायचं झालं तर मी मुख्यमंत्रिपदाकडं जाणार नाही, इथं येईन.

हे भांडण त्यांनी उतारवयातही सोडलं नाही. जून २०११ मध्ये काँग्रेसच्या सरकारनं इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात मराठीवाले आणि कोकणीवाले एका सतरंजीवर बसले. १९८६ मध्ये एकमेकांचे रस्ते अडवणारी ही माणसं. ताई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, सभांना येत होत्या. २०१२ मध्ये सरकार बदललं, अनुदान तसंच राहिलं. नव्या सरकारला निवडून आणण्यात मंचातल्या अनेकांचा हात होता, त्यामुळं राग जास्त. २०१६ मध्ये ती मंडळी सरकारपासून उघड फुटली.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, शशिकला काकोडकर गेल्या. वय ८१. मामा तेव्हा नव्हते. आत्या दिवाळीला हट्ट्यात आली होती. टीव्हीवर पट्टी सरकली, ती तिनं चष्मा लावून पूर्ण वाचून घेतली. मग करंज्यांच्या पारीकडं वळली. थोड्या वेळानं मला म्हणाली, “तुह्या पुतण्याच्या पोरीला कोणत्या शाळेत घातलंय?”

मी वसमतच्या एका इंग्रजी शाळेचं नाव सांगितलं.

“बस दारापाशी येते?”

“येते की.”

“फीस किती?”

तीही सांगितली. आत्यानं करंजीची कड कातणीनं फिरवली.

“ताईनं एक पैसा दिला नसता बघ तुमच्या त्या शाळेला,” ती म्हणाली.